दलाल आणि दलील

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)

तळोज्यात आज कुठल्याही बाजूने शिरा, पहिली भेट दलालाच्या पाटीशी होते. बेलापूरहून निघणारी मेट्रो पेंधरला संपते. ती नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, पण जिन्याखालच्या पाट्या तिच्या आधीच येऊन बसल्या होत्या. मुंब्रा-पनवेल रस्त्याने या किंवा दिवा-पनवेल गाडीने या, मजकूर तोच. ‘रूम भाड्याने व विकत मिळतील’, ‘वन आरके, वन बीएचके’, ‘साडेबारा टक्क्यांचे भूखंड’. किराणा दुकानाच्या फळीवर पाटी, पानाच्या टपरीवर पाटी. खुद्द केशकर्तनालयाच्या आरशावरही एक फोन नंबर चिकटवलेला असतो.

ही पाटी लावायला २०१७ सालापर्यंत काय लागत होतं? एक टेबल, दोन खुर्च्या आणि कागदोपत्री फार तर गुमास्ता परवाना. गुमास्ता परवाना म्हणजे १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. ती भांड्यांच्या दुकानालाही लागे आणि इस्त्रीवाल्यालाही. दुकान किती वाजता बंद होतं, नोकराला आठवड्याची सुट्टी मिळते का, एवढंच ती पाही. माणूस आयुष्याची कमाई ज्याच्या शब्दावर घरात घालतो, त्याला घराच्या कागदातलं काय कळतं, हे कुणी विचारत नव्हतं. महाराष्ट्रात दलालाची नोंदणी सक्तीची व्हायला २०१७ उजाडलं आणि त्याची परीक्षा घ्यायला २०२३. हा उशीर का झाला आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे आज आमच्या तळोज्याच्या निमित्ताने सांगायचं आहे.

आधी थोडं शब्दाविषयी, कारण माझा धंदा शब्दांचा आहे. ‘दलाल’ हा शब्द अरबी. त्याच्या मुळाशी जो धातू आहे त्याचा अर्थ दाखवणं, वाट दाखवणं. त्याच धातूपासून ‘दलील’ हा शब्द झाला. दलील म्हणजे पुरावा, खूण आणि वाटाड्यासुद्धा. म्हणजे मुळात दलाल हा वाट दाखवणारा. ज्याला माल हवा त्याला तो माल असलेल्याकडे नेई आणि दोघांमध्ये भाव जुळवून आपली मजुरी घेई. आपल्याकडे मात्र या शब्दाला शिवीची कळा आली. कोळशाच्या दलालीत हात काळे, असं आपण म्हणतो. तरीही दलाल हे आडनाव अभिमानाने लावणारी घराणी आजही आहेत, हेही लक्षात ठेवायला हवं.

वाट दाखवणाऱ्यावर लगाम हवा, ही जाणीव फार जुनी आहे. अलाउद्दीन खिलजीने १४ व्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीत बाजारभाव बांधून दिले, तेव्हा घोड्यांच्या दलालांवर त्याची करडी नजर होती. इतिहासकार जियाउद्दीन बरनी लिहून ठेवतो की, भाव चढवणाऱ्या या दलालांना सुलतानाने कठोर शिक्षा केल्या. लंडन शहरात १२८५ साली दलालांना परवाना सक्तीचा झाला. १६९७ च्या इंग्लंडमधील कायद्याने तर दलालांची संख्याच शंभरावर बांधली. प्रत्येकाने आपलं नाव कोरलेलं चांदीचं पदक जवळ बाळगायचं आणि सौदा करताना ते दाखवायचं. घरजमिनीच्या दलालांपुरतं बोलायचं तर अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९१७ साली परवान्याचा कायदा केला. न्यायालयाने तो रद्द ठरवल्यावर १९१९ साली पुन्हा केला. म्हणजे आपल्या नोंदणीपेक्षा तब्बल शंभर वर्षं आधी.

आपल्या मुंबईला जमिनीच्या सट्ट्याचा चटका बसला नव्हता, असं नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६४-६५ मध्ये समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांचं पेव फुटलं. त्या काळचा सर्वांत प्रसिद्ध दलाल म्हणजे प्रेमचंद रायचंद. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार रुपयांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. जमीन अजून पाण्याखाली होती आणि तिचे कागद हातोहात विकले जात होते. युद्ध संपलं, कापूस पडला आणि जुलै १८६५ मध्ये सगळा डोलारा कोसळला. या अनुभवातून शेअरदलाल शहाणे झाले. त्यांनी १८७५ साली आपली संघटना बांधली, नियम केले आणि पुढे त्यांच्यासाठी कायदेही झाले. घरजमिनीचा दलाल मात्र मोकळाच राहिला.

१९६३ हे साल या बाबतीत मोठं बोलकं आहे. महाराष्ट्राच्या दोन महत्त्वाच्या कायद्यांच्या नावांत हे साल आहे. एक कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा. त्याने १९३९ च्या मुंबई कायद्याची परंपरा पुढे नेली. बाजार आवारात व्यापारी, अडते, दलाल, तोलणार, इतकंच काय, हमालालासुद्धा बाजार समितीचा परवाना लागेल, असं ठरलं. दुसरा कायदा मालकी हक्काच्या सदनिकांचा, ज्याला आपण ‘मोफा’ म्हणतो. मुंबईत बिल्डर लोक फ्लॅट विकताना फसवणूक करतात, म्हणून तो केला. किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याआधी बिल्डरने करार करून तो नोंदवावा, अशी त्यात अट होती. चांगला कायदा होता. पण त्याची सारी नजर बिल्डरवर होती. बिल्डर आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये उभा असलेला तिसरा माणूस त्यात नव्हता. परिणाम काय झाला पाहा. पुढे मुंबईचा कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार तुर्भ्याला आला. तिथे कांद्याची पोती पाठीवरून वाहणाऱ्याला परवाना हवा होता. आणि तिथून थोड्याच अंतरावर माणसाचं घर विकून देणाऱ्याला काहीच नको होतं.

सरकारला या माणसाची ओळखच नव्हती, असंही नाही. ऑक्टोबर १९९८ पासून केंद्र सरकारने इस्टेट एजंटांच्या सेवेवर सेवाकर बसवला. दलालीतला आपला वाटा सरकारने तेव्हापासून घेतला. ज्ञानाचा दाखला मात्र आपल्याकडे पाव शतकाने मागितला. हरयाणाने २००८ साली प्रॉपर्टी डीलरांसाठी वेगळा कायदा करून परवाना सुरू केला. आपण थांबलो.

आता आमच्या गावाकडे येतो. महाराष्ट्र सरकारने १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन केली. ठाणे, पनवेल आणि उरण या भागातली पंचाण्णव गावं, ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश, आणि त्यावर नवी मुंबई. माझा जन्म त्याच सुमाराचा. सिडको आणि मी एकाच वयाचे आहोत, असं मी गमतीने म्हणतो. फरक एवढाच की तिची जमीन वाढत गेली आणि आमची घटत गेली. आमचं तळोजं म्हणजे आगरी, कोळी आणि कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती, कासाडी नदीच्या काठची भातशेती. तळोजे पाचनंद आणि तळोजे मजकूर अशी दोन नावं कागदावर आढळतात. ‘मजकूर’ म्हणजे ‘वर उल्लेख केलेलं’. हा दप्तरातला शब्द. गावाच्या नावातच दप्तर होतं, पण गावाला ते वाचता येत नव्हतं. मौजे, तालुका, जमीन, हक्क, कब्जा, वारस, दस्त, मुखत्यार हे सगळे अरबी-फारसी शब्द. आमच्या घरात अरबी कुराण वाचलं जाई, मराठी शाळेत मी शिकत होतो, आणि तरीही भूसंपादनाची नोटीस आली तेव्हा ती वाचून घ्यायला वडील दुसऱ्याच्या दारात गेले. शेजारच्या आगरी कुटुंबांचंही तेच. कागदापुढे सगळे सारखेच निरक्षर होते.

जमिनी घेतल्या गेल्या त्या भातशेतीच्या भावाने. त्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण भागात गोळीबार झाला. त्यात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले. त्या रक्ताच्या किमतीवर एक तत्त्व मान्य झालं. ज्याची जमीन घेतली त्याला विकसित जमिनीचा काही भाग परत मिळाला पाहिजे. १९९० आणि १९९४ च्या शासन निर्णयांनी ते तत्त्व साडेबारा टक्के योजना म्हणून उभं राहिलं.

या योजनेचं गणित एकदा मांडून बघू, कारण पुढची सगळी दलाली या गणितात दडलेली आहे. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे सुमारे ५०६ मीटर. पण त्यातले तीस टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापले जात. शेतकऱ्याच्या हाती उरत पावणेनऊ टक्के, म्हणजे सुमारे ३५४ मीटर. त्यावर दीड चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे सुमारे ५३१ मीटर बांधकाम. त्यातही पंधरा टक्के दुकानांसाठी. शिवाय भूखंड मालकीचा नव्हता. सिडकोने ते दिले साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. विकायचा तर सिडकोची परवानगी, हस्तांतरण शुल्क आणि सिडको, शेतकरी, घेणारा असा त्रिपक्षीय करार. आता सांगा, यातलं किती सातवीपर्यंत शिकलेल्या शेतकऱ्याला एकट्याने समजणार होतं?

इथे दलाल आला. त्याचं चित्र नुसतं काळं रंगवणं मला पटत नाही. वारसांचे दाखले जमवणं, मयत भावाच्या बायकोची सही मिळवणं, बेलापूरच्या कचेरीत टेबलाटेबलांवर फिरणं, सोडतीची तारीख लक्षात ठेवणं ही कामं त्यानेच केली. अनेक कुटुंबांना भूखंड मिळाला तो एखाद्या खटपट्या माणसामुळे. बरेचसे दलाल आमच्याच आळीतले, आमच्यासोबत खेळलेले होते. पण ज्याला वाट माहीत असते, त्याला वाटेवर नाकं बसवण्याचा मोहही होतो.

तो मोह म्हणजे ‘फाईल’. भूखंड अजून मिळालेला नसे, कुठे मिळणार हे ठाऊक नसे, सोडत झालेली नसे. असा नुसता हक्क, म्हणजे एका पुठ्ठ्यातले पंधरावीस कागद, आमच्याकडे ‘फाईल’ या नावाने विकला जाऊ लागला. लग्न, आजारपण, घराची कौलं अशी निकड निघाली की शेतकरी फाईल देई. इसार म्हणून काही रक्कम हातात, बाकीचं मुखत्यारपत्रावर. ती फाईल एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाई आणि प्रत्येक वळणावर भाव वाढे. शेवटी तिच्यावर सात मजली इमारत उभी राही, तेव्हा मूळ मालक त्या इमारतीच्या दारात रखवालदार असल्याचं मी पाहिलं आहे. मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प खटल्यात २०११ साली निःसंदिग्ध सांगितलं. आमच्याकडच्या कित्येक फाईली त्याआधीच फिरून झाल्या होत्या.

म्हणजे उशिराची पहिली किंमत विकणाऱ्याने मोजली. दुसरी मोजली घेणाऱ्याने. मुंबईच्या चाळी-झोपड्यांतून, मुंब्रा-गोवंडीकडून, नोकरीतून निवृत्त होता होता माणसं तळोज्याकडे वळली, कारण इतरत्र भाव परवडत नव्हते. त्यांना ‘स्टेशन पाच मिनिटांवर’ असं सांगितलं गेलं. ‘पाणी चोवीस तास’ असंही सांगितलं गेलं. बांधकामाचा नकाशा मंजूर आहे का, जमीन कुणाच्या नावावर आहे, कागदावरचे सहाशे फूट म्हणजे पायाखाली किती, हे सांगितलं गेलं नाही. खोटं बोलण्याच्या हेतूनेच सगळे गप्प राहिले असं नाही. अनेकदा सांगणाऱ्यालाही ते माहीत नव्हतं. ज्ञान नसलेला वाटाड्या ही लबाड वाटाड्याइतकीच महागात पडणारी गोष्ट आहे.

संसदेने मार्च २०१६ मध्ये स्थावर संपदा कायदा मंजूर केला, ज्याला आपण ‘रेरा’ म्हणतो. तो पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ रोजी, नेमक्या महाराष्ट्र दिनी. त्याआधी मार्चमध्ये आपल्या राज्याचं प्राधिकरण, महारेरा, स्थापन झालं होतं. या कायद्याने प्रथमच त्या तिसऱ्या माणसाला नाव दिलं. व्याख्या मोठी गमतीची आहे. प्रॉपर्टी डीलर, ब्रोकर, मध्यस्थ, कोणत्याही नावाने ओळखला जाणारा असा जो कोणी मोबदला घेऊन सौदा जुळवतो, तो एजंट. पाटी बदलून सुटका होऊ नये, ही सोय व्याख्येतच केली.

कलम ९ सांगतं की, नोंदणी झालेल्या प्रकल्पातलं घर किंवा भूखंड विकून देणाऱ्याने स्वतःची नोंदणी केलीच पाहिजे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार २०१७ मध्ये एकट्या व्यक्तीला दहा हजार रुपये आणि कंपनी किंवा भागीदारी संस्थेला एक लाख रुपये शुल्क ठरलं. नोंदणीची मुदत पाच वर्षं. अर्जासोबत पॅन कार्ड, छायाचित्र, धंद्याच्या जागेचा पुरावा आणि चालू खटल्यांची माहिती द्यायची. मिळालेला क्रमांक इंग्रजी ‘ए’ या अक्षराने सुरू होतो. प्रकल्पाचा क्रमांक ‘पी’ने. दाखला कचेरीत दिसेल असा लावायचा, क्रमांक प्रत्येक कागदावर टाकायचा. कलम १० म्हणतं की, नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर विकून देऊ नये, हिशेबाची पुस्तकं ठेवावीत, खोटी आश्वासनं देऊ नयेत आणि गिऱ्हाइकाला ज्या कागदांचा हक्क आहे ते सगळे मिळवून द्यावेत. नोंदणीशिवाय धंदा केला तर कलम ६२ खाली दिवसाला दहा हजार रुपये दंड, तो वाढत वाढत घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. लंडनच्या दलालाचं चांदीचं पदक शेवटी असं आपल्याकडे पोहोचलं.

पण नुसत्या नोंदणीने ज्ञान येत नाही. दहा हजार भरले की क्रमांक मिळत होता. म्हणून महारेराने १० जानेवारी २०२३ रोजी आदेश काढला की दलालाने वीस तासांचं प्रशिक्षण घ्यावं, परीक्षा द्यावी आणि क्षमतेचा दाखला मिळवावा. बँकांच्या भरतीपरीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेकडे परीक्षा सोपवली गेली. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. ती मराठीतही देता येते, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. बसलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक उत्तीर्ण झाले. म्हणजे परीक्षा कुणाचं पोट मारणारी नव्हती. तरीही मुदतवाढ देऊनसुद्धा दाखला न मिळवलेल्या सुमारे वीस हजार दलालांची नोंदणी महारेराने २०२४ मध्ये स्थगित केली. हजारो माणसं या परीक्षेकडे फिरकलीच नाहीत, याचा अर्थ काय घ्यायचा तो आपण घ्यावा.

आमच्या शेजारच्या आळीतली एक सून या परीक्षेला बसली. नवऱ्याचं ‘रूम भाड्याने’ पाटीचं टेबल ती सांभाळते. मी कविता करतो, म्हणजे मला सगळे शब्द येत असणार, अशा समजुतीने ती वही घेऊन आली. म्हणाली, “चाचा, चटई क्षेत्र आणि चटईक्षेत्र निर्देशांक हे वेगवेगळं कसं काय? चटई तर एकच.” मी हसलो, पण प्रश्न बिनतोड होता. आपल्या सरकारी मराठीने भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेलाही चटई क्षेत्र म्हटलं आणि भूखंडावर किती बांधायचं त्या प्रमाणालाही चटईक्षेत्र निर्देशांक म्हटलं. पहिली चटई घराच्या आत अंथरायची, दुसरी सगळ्या भूखंडावर, असं मी तिला सांगितलं. मग साठेखत आणि खरेदीखत झालं. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार, खरेदीखत म्हणजे प्रत्यक्ष विक्री. रेराखाली करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे तिला पाठ होतं. ‘बोजा’ या शब्दाशी ती अडली. मी म्हटलं, “मालमत्तेवरचं कर्ज, कागदात लिहिलेलं.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आमच्या आजेसासऱ्यांनी फाईल विकली, तेव्हा यातला एक तरी शब्द कुणी त्यांना सांगितला असेल का हो चाचा?”

मी उत्तर दिलं नाही. ती पास झाली. तिच्या टेबलामागे आता दाखला लावलेला आहे आणि शेजारी तिने स्वतःच्या अक्षरात एक यादी चिकटवली आहे. कोणते कागद मागायचे त्याची. त्या आजेसासऱ्यांचा भूखंड जिथे आला असता, तिथल्या नव्या इमारतीतली घरं ती आज विकून देते. तिला त्यात काही विचित्र वाटत नाही. मला वाटतं, पण ते माझं वय आहे.

या दाखल्याने सगळं झालं, असं मी म्हणणार नाही. रेराची नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पातल्या विक्रीपुरती आहे. भाड्याची खोली, जुन्या इमारतीतला पुन्हा विकला जाणारा फ्लॅट, गावठाणातलं घर यांची दलाली अजून तशीच चालते, आणि तळोज्यात तीच जास्त. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचा किंवा आठ घरांपर्यंतचा प्रकल्प नोंदणीतूनच सुटतो. वर आपण जे गणित केलं, त्यातला एका एकरवाल्याचा ३५४ मीटरचा भूखंड आठवून पाहा. दलालीचा दरही कायद्याने ठरवलेला नाही.

आणखी एक गोष्ट कुठल्याच दाखल्यात मावत नाही. १९९० च्या दशकात नोकरीनिमित्त मला मुंबईच्या एका उपनगरात भाड्याची खोली हवी होती. दलाल बोलका होता. खोली दाखवली, खिडकीतून येणारा वारा दाखवला, पाण्याची वेळ सांगितली. मग वहीत लिहायला नाव विचारलं. मी सांगितलं. पेन थांबलं. “साहेब, पार्टी आता तयार नाही म्हणते,” असं तो म्हणाला. पार्टीला त्याने फोनही केला नव्हता. असे तीन दलाल झाले. चौथ्याने नाव ऐकून नुसतं विचारलं, “डिपॉझिट कधी देता?” त्या चौघांपैकी कुणाकडेच परवाना नव्हता. चौथ्याची दलाली मी एक रुपयाही न घासता दिली. वाट दाखवणारा तोच वाट अडवणाराही होऊ शकतो, हे ज्यांच्यावर येतं त्यांना चांगलं ठाऊक असतं. एकट्या बाईला, दलित कुटुंबाला, अविवाहित मुलांना विचारा. माझ्या मते प्रशिक्षणाच्या वीस तासांपैकी एक तास यावर हवा.

तरीही मी या परीक्षेच्या बाजूचा आहे. आठ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. सिडकोच्या हजारो घरांच्या सोडती तळोज्यात झाल्या आहेत आणि पुढची गावं आता त्याच रांगेत उभी आहेत, जिथे आम्ही १९७० साली उभे होतो. तिथेही उद्या फाईली तयार होतील. तिथला दलाल शिकलेला असेल तर शेतकऱ्याच्या पुठ्ठ्यातले कागद निदान एकदा कुणीतरी समजून वाचलेले असतील.

राहिलं आपलं काम. दलालाच्या टेबलासमोर बसल्यावर चहा येण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. तुमचा ‘ए’चा क्रमांक कोणता? प्रकल्पाचा ‘पी’चा क्रमांक कोणता? आणि चटई क्षेत्र किती, ते लिहून द्याल का? दोन्ही क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर ताडून पाहता येतात. आपल्याला मोबाइल जमत नसेल तर घरातल्या मुलीला बसवावं. दलाल चांगला असेल तर रागावणार नाही. माझ्या शेजारणीला तर असं विचारणारं गिऱ्हाईक आवडतं. एवढं विचारायला आपल्याला कुठली परीक्षा द्यावी लागत नाही.